वावर नफ्याने दिलेले, गांजा दुसऱ्याचा, सातबारा मात्र वडिलांच्या नावाचा: जबाबदारी कोणाची?

अनेरकाठ यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. आमचे गाव शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. मी नोकरीनिमित्त नाशिकला असतो. गावी आई आणि वडील राहतात. वडिलांचे वय 71 आहे. आमचे चार एकर वावर गेली तीन वर्षे शेजारच्या गावातील एका गृहस्थाला नफ्याने दिलेले आहे. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की नफ्याने देणे म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षाची ठरलेली रक्कम घ्यायची आणि पेरणीपासून माल विकेपर्यंत मालकाने मध्ये पडायचे नाही. व्यवहार तोंडीच होता. तशी आमच्याकडे रीतच आहे.

गेल्या महिन्यात या वावरावर पोलिसांचा छापा पडला. कपाशीत तुरीच्या ओळी आहेत आणि त्या तुरीच्या आडोशाने गांजाची झाडे लावलेली निघाली. ती उपटून, जुड्या बांधून मोजली गेली. शिवाय विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाळवलेल्या गांजाच्या दोन गोण्या सापडल्या आणि पंचनाम्यात त्यांचे वजन 21 किलो 400 ग्रॅम लिहिले आहे. नफ्याने करणारा गृहस्थ जागेवरच पकडला गेला. शेडसमोर उभी असलेली माझ्या चुलतभावाची मोटारसायकलही जप्त झाली. ती त्या गृहस्थाने दोन दिवसांसाठी मागून नेली होती. फिर्यादीत आरोपी म्हणून वडिलांचे नाव नाही, पण मजकुरात 'जमीनमालक' म्हणून त्यांचा उल्लेख आहे आणि त्यांना चौकशीची नोटीस आली आहे.

वडिलांनी त्या मालाला हात लावलेला नाही. मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून त्यांचे वावरात पाऊलही पडलेले नाही. मनाला खटकते ती एकच गोष्ट. शेडच्या कुलपाची दुसरी किल्ली आमच्या घरी, मागच्या दाराच्या खिळ्याला लाल दोऱ्यात अडकवलेली असते, कारण विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर त्या शेडमध्ये आहे आणि विजेचे मीटर वडिलांच्या नावावर आहे. छाप्याच्या दुसऱ्या दिवशी पोलीस घरी आले तेव्हा वडिलांनी स्वतःहून ती किल्ली काढून दिली आणि तशी नोंद झाली. गावात जो तो म्हणतो, की 'सातबारा ज्याचा, माल त्याचा'. कायदा खरोखर असे म्हणतो का?

पांझराकाठचा वकील यांचे उत्तर

मी धुळ्याला फौजदारी वकिली करतो. येथे लिहितो ते सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे. कागद पाहिल्याशिवाय कोणताही वकील पक्के उत्तर देऊ शकत नाही.

'सातबारा ज्याचा, माल त्याचा' असे कायदा म्हणत नाही. मात्र 'हात लावला नाही, म्हणजे सुटलो' असेही तो म्हणत नाही. ताबा हा शब्द कायद्यात मुठीपुरता मर्यादित नाही. शस्त्र कायद्याखालील गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 1972 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वस्तू प्रत्यक्ष दुसऱ्याजवळ असली तरी तिच्यावर आपली सत्ता किंवा नियंत्रण असेल आणि ती तेथे आहे याची आपल्याला जाणीव असेल, तर ती आपल्या ताब्यात धरली जाते. म्हणजे नियंत्रण आणि जाणीव अशी दोन्ही अंगे लागतात. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातही न्यायालये याच अर्थाने 'जाणीवपूर्वक ताबा' पाहतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत झाडांसाठी ही कसोटी एका प्रकारे लागेल आणि गोण्यांसाठी दुसऱ्या प्रकारे, म्हणून दोन्हींचा विचार वेगळा करावा लागतो.

प्रथम झाडे. गांजाची लागवड करणाऱ्याला या 1985 च्या कायद्याच्या कलम 20 (अ) खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. येथे शिक्षा लागवड करणाऱ्याला आहे, जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला नाही. आरोपीनेच गुन्हा केला असे गृहीत धरू देणाऱ्या कलम 54 मधले शब्दही असेच मोजके आहेत. आरोपीने 'जी जमीन कसली आहे' तिच्यावर वाढणाऱ्या झाडांबद्दल ते गृहीतक आहे. अलखराम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण जमीन कुटुंबाची सामाईक होती आणि झाडे त्याच आरोपीने लावली व जोपासली याचा पुरावा नव्हता. तेव्हा लागवडीच्या आरोपात पहिला प्रश्न असा येईल, की या खरीपात वावर कोण कसत होते. ते नफ्याने करणारा कसत होता हे सिद्ध झाले, तर हा आरोप वडिलांपर्यंत पोहोचणे कठीण आहे.

जमीनमालकाच्या वाट्याला मात्र एक स्वतंत्र कर्तव्य येते आणि ते आपल्या भागात फारसे कोणाला माहीत नाही. कलम 46 प्रमाणे आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड आहे हे कळताच जमीनधारकाने पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला ताबडतोब खबर दिली पाहिजे. जाणूनबुजून खबर न देणारा शिक्षेस पात्र ठरतो. या कलमात शिक्षा स्वतंत्रपणे सांगितलेली नाही, त्यामुळे कलम 32 लागू होते आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. पुढच्याच कलमाने हेच कर्तव्य सरपंच, पंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही टाकले आहे. नुसत्या गप्प बसण्यालाही येथे शिक्षा आहे, पण ते गप्प बसणे माहिती असूनचे असले पाहिजे.

आता गोण्या. खरी चिंता येथे आहे. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत आहे आणि वीस किलोच्या वर गेला की तो व्यापारी मात्रेत मोडतो. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षे सक्तमजुरी व एक ते दोन लाख रुपये दंड आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे कलम 37 मुळे जामिनाचे दार जवळजवळ बंद होते. आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते.

शेड वडिलांचे असल्यामुळे सरकार पक्ष कलम 25 पुढे करू शकतो. घर, खोली, जागा किंवा वाहन यांचा मालक, वहिवाटदार अथवा ते ज्याच्या नियंत्रणात आहे अशी व्यक्ती ते दुसऱ्याला अशा गुन्ह्यासाठी 'जाणीवपूर्वक' वापरू देत असेल, तर तिला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. या कलमाचा सारा भार 'जाणीवपूर्वक' या शब्दावर आहे. भोलासिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2011 च्या निकालात ट्रकचा सहमालक सुटला, कारण ट्रकचा असा वापर होतो हे त्याला माहीत असल्याचा पुरावा नव्हता. दोषी मनःस्थिती गृहीत धरणारे कलम 35 सुद्धा, मूळ घटना सरकार पक्षाने सिद्ध केल्यावरच लागू होते, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. एकदा ते लागू झाले, की मात्र ते खोडण्याचा भार आरोपीवर येतो आणि तो साध्या शक्यतेने हलका होत नाही. वाजवी शंकेपलीकडे खोडावे लागते. म्हणून लढाई त्या पायरीच्या आधीच लढायची असते.

किल्लीबद्दल विचारले आहे. किल्ली हा नियंत्रणाचा पुरावा आहे, जाणिवेचा नाही. शेडमध्ये जाण्याची सोय वडिलांना होती, एवढेच ती सांगते. मे महिन्यापासून ते प्रत्यक्ष तेथे गेलेच नाहीत, हे दवाखान्याच्या कागदांवरून दाखवता आले, तर तिचे वजन बरेच कमी होईल.

येथे सालदार (सालाने ठेवलेला गडी) आणि नफेदार (नफ्याने करणारा) यांतला फरक लक्षात घ्यावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 3 मध्ये तत्त्व आहे, की पती किंवा पत्नी, कारकून किंवा नोकर यांच्या ताब्यात धन्याच्या वतीने असलेली मालमत्ता धन्याच्याच ताब्यात समजली जाते. ती व्याख्या त्या संहितेपुरती आहे, परंतु विचार समजून घेण्यास उपयोगी आहे. सालदार तुमच्या सांगण्यावरून आणि तुमच्यासाठी राबतो. नफेदार स्वतःसाठी पिकवतो आणि शेडमध्ये ठेवतो ते स्वतःचे ठेवतो. तुमच्या प्रकरणात हे नाते नेमके कोणते होते हे दाखवणारा कागद नाही, ही तुमची सर्वांत मोठी उणीव आहे.

जाता जाता, नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 खाली साक्षीदार म्हणून बोलावले असेल, तर साठीपुढच्या माणसाला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारपूस करायची असते. नोटीस त्याच संहितेच्या कलम 35 (3) ची, म्हणजे संशयित म्हणून हजर राहण्याची असेल, तर अर्थ निराळा आहे. त्या वेळी हजर राहावे, पण वकिलाशी बोलूनच.

निवृत्त जमादार यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी कायदा नीट सांगितला आहे. मी तीस वर्षे खात्यात होतो आणि त्यातली काही सीमेलगतच्या ठाण्यांत गेली, म्हणून पंचनाम्याच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट वजनाची. 21 किलो 400 ग्रॅम हे वजन गोणीसह आहे की बारदान वजा करून आहे, हे पंचनाम्यात शब्दशः वाचा. बाजार समितीत कापूस किंवा मका मोजताना बारदानासाठी आपण भांडतो, आणि येथे दहा वर्षांचा प्रश्न असताना कोणी विचारत नाही, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. व्यापारी मात्रा वीस किलोच्या वर सुरू होते, बरोबर वीस किलोला नाही. तागाच्या दोन गोण्यांचे वजन गेले आणि आत माती किंवा दांडके निघाले, तर हा आकडा कोणत्या बाजूला पडेल हे सांगता येत नाही. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेले बी आणि पाने त्यात धरत नाहीत. उपटलेली झाडे मुळांसकट, ओल्या मातीसकट तोलली असतील, तर ते वजन गांजाचे नव्हे, झाडांचे आहे. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर कलम 52-अ प्रमाणे काढले का, आणि शेड ही बंद जागा असल्यामुळे कलम 42 प्रमाणे मिळालेली खबर आधी लिहून ती 72 तासांत वरिष्ठांकडे पाठवली का, हेही तपासावे.

दुसरी गोष्ट जबाबाची. पकडलेला माणूस पहिल्याच दिवशी 'मालकाला सगळे माहीत होते' असे म्हणतो. मी हे इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची सवय झाली. असे म्हटल्याने आपला भार वाटला जाईल असे त्याला वाटते. पोलिसांसमोरच्या अशा कबुलीला न्यायालयात पुरावा म्हणून किंमत नाही, आणि 2020 मध्ये तोफानसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील इतर खात्यांच्या अधिकाऱ्यांनाही तोच नियम लावला. तेवढ्यासाठी घाबरून वडिलांना सुरतेला नातेवाइकांकडे पाठवू नका. माणूस घरातून गेला, की तपास अधिकाऱ्याच्या मनात संशय बसतो आणि तो कागदावर उतरतो.

वकीलसाहेबांच्या एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. किल्लीला ते म्हणतात तेवढी कमी किंमत नाही. किल्ली आहे एवढ्यावर कोणी थांबत नाही. ती किती वेळा वापरली गेली हे तपासात पाहिले जाते. कुलूप गंजलेले होते की तेल दिलेले, मोटार रोज कोण चालू करत होते, शेजारच्या वावरातल्या माणसांनी कोणाला आत जाताना पाहिले, यांवर सगळे ठरते. मोटार नफेदारच चालवत असेल, तर तसे सांगणारे दोन शेजारी आताच शोधून ठेवा.

महामार्गावरचा यांचे उत्तर

मी ट्रकमालक आहे. मोटारसायकलीबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या ट्रकमध्ये मिरचीच्या पोत्यांखाली गुटख्याची पोती सापडली. गाडी मध्य प्रदेशातून येत होती, मुंबई–आग्रा महामार्गावर पळासनेरच्या पुढे तपासणीत ती अडवली गेली. मी त्या वेळी धुळ्यात घरी जेवत होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि मलाही ती माहीत होती. चालकाने वाटेत कोणाचा माल चढवला हे मात्र मला खरोखर माहीत नव्हते. गाडी सुटायला सात महिने लागले. त्या काळात बँकेचा हप्ता थांबला नाही. पावसात उभ्या गाडीचे टायर चिरले आणि हौद्याला खालून गंज चढला.

माझ्या उपयोगी पडले ते हे, की बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) फक्त मिरची लिहिलेली होती, जीपीएसच्या नोंदीत गाडी एका ढाब्यामागे चाळीस मिनिटे थांबलेली दिसत होती, आणि चालकाला मी पाठवलेला संदेश होता, की वाटेत कोणाचाही माल घेऊ नकोस. तो संदेश मी आणखी दोन चालकांना पाठवत असे, सवयीने. वकिलांनी सांगितले, की या एका संदेशाने निम्मे काम झाले, कारण तो छाप्याच्या आधीचा होता.

गांजाच्या कायद्यात गाडीचे अधिक कठीण आहे असे मला तेव्हा सांगण्यात आले होते. मालकाला माहीत नव्हते एवढे पुरत नाही. गाडी ज्याच्या हाती होती त्यालाही माहीत नव्हते असे दाखवावे लागते. हे खरे असेल, तर ज्या भावाने ओळखीवर मोटारसायकल दिली त्याने काय करावे, हे वकीलसाहेबांनी सांगावे.

जुना तलाठी यांचे उत्तर

माझी नोकरी चोपडा आणि यावल तालुक्यांत गेली. तोंडी व्यवहारांबद्दल वकीलसाहेबांनी खंत व्यक्त केली आहे. लोक कागद का करत नाहीत, ते मी सांगतो.

आमच्या पिढीतल्या प्रत्येक जमीनमालकाच्या मनात 1948 च्या कुळकायद्याची आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाची धास्ती आहे. त्या दिवशी कसणारे कुळ जमिनीचे मालक मानले गेले. ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी तशा गेल्या, त्यांनी मुलांना एकच शिकवण दिली, की दुसऱ्याचे नाव वहिवाटीला लागू द्यायचे नाही. म्हणून वावर नफ्याने दिले तरी पीकपेरा मालकाच्या नावाने, शेतसाऱ्याची पावती मालकाच्या नावाने आणि अनुदानही मालकाच्याच खात्यात. गावाच्या दृष्टीने यात काही खोटे नव्हते, कारण कोण कसतो हे सगळ्यांना ठाऊक असे.

मात्र 2021 पासून ई-पीक पाहणी आली आणि हे सगळे मोबाइलमध्ये, बांधावर उभे राहून काढलेल्या फोटोसह नोंदवले जाऊ लागले. आता ज्या नोंदीने कुळ लागण्याची भीती टळते, तीच नोंद सांगते, की हे वावर मालक स्वतः कसतो. जमीन वाचवण्यासाठी तयार केलेला कागद फौजदारी न्यायालयात मालकाविरुद्ध उभा राहू शकतो. माझ्या नोकरीच्या काळात हा विचार माझ्याही मनात कधी आला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

म्हणून प्रश्नकर्त्यांना विचारतो, की या खरीपाची पीक पाहणी कोणी केली, कोणत्या तारखेला केली आणि पीकविमा कोणाच्या नावाने उतरवला? ही माहिती तुमच्या आधी तपास अधिकाऱ्याकडे पोहोचेल.

अनेरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या तलाठीसाहेबांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. पीक पाहणी वडिलांच्या नावाने, ऑगस्टमध्ये चुलतभावाने केली. पीकविमाही वडिलांच्या नावाने आहे. फोटोत कपाशी आणि तुरीची लहान रोपे दिसतात, आणखी काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट काल रात्री आईकडून कळली. गणपतीच्या दिवसांत शेजारच्या वावरातल्या काकांनी वडिलांना फोन करून सांगितले होते, की 'आबा, तुमच्या तुरीत काही वेगळीच झाडे दिसतात'. वडिलांनी त्याच संध्याकाळी नफेदाराला विचारले. त्याने सांगितले, की अंबाडी आहे, दोरासाठी आणि भाजीसाठी लावली आहे. अंबाडीची पाने हाताच्या बोटांसारखी फाटलेली असतात आणि आमच्याकडे बांधावर ती पूर्वीपासून लावतात, त्यामुळे वडिलांना ते पटले. हे पोलिसांना सांगावे की सांगू नये?

एक जमेची बाजूही सापडली. वडिलांच्या जुन्या वहीत तिन्ही आखाजींच्या नोंदी आहेत: तारीख, रक्कम, 'चार एकर नफा जमा' आणि खाली नफेदाराची सही. मधल्या वर्षी त्याने अंगठा लावलेला आहे, का ते माहीत नाही.

पांझराकाठचा वकील

प्रथम विनंती करतो, की येथून पुढे प्रकरणातली कोणतीही घटना या धाग्यावर लिहू नये. हे पान कोणीही वाचू शकतो, तपास अधिकारीसुद्धा.

अंबाडीच्या गोष्टीबद्दल फक्त तत्त्व सांगतो. संशय येणे आणि माहीत असणे यांत कायद्याने फरक केला आहे. कलम 25 आणि कलम 46 दोन्ही 'जाणीवपूर्वक' या शब्दावर उभी आहेत. ज्याला संशय आला आणि ज्याने मुद्दाम डोळे मिटून घेतले, त्याला तो शब्द वाचवत नाही. परंतु ज्याला शंका आली, ज्याने त्याच दिवशी विचारणा केली आणि ज्याला आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सहज पटेल असे उत्तर मिळाले, त्याने डोळे मिटले असे म्हणणे मला तरी कठीण वाटते. अंबाडी आणि गांजा यांची पाने दिसायला इतकी सारखी असतात, की अंबाडीच्या शास्त्रीय नावातच त्या साम्याचा उल्लेख आहे. हाच फोन दुसऱ्या बाजूने 'तुम्हाला गणपतीतच कळले होते' असाही वाचला जाईल, हे विसरू नका. तो सांगायचा की नाही आणि कोणत्या शब्दांत, हे तुमच्या वकिलाने शेजाऱ्याशी बोलून आणि फोनच्या नोंदी पाहून ठरवावे. खोटे मात्र काहीही सांगू नये.

पीकविम्याचे स्पष्टीकरण स्वतःहून आणि सुरुवातीलाच द्यावे लागेल. विमा घेताना 'मी कसतो' आणि न्यायालयात 'मी कसत नाही' ही दोन विधाने उलटतपासणीत शेजारी शेजारी ठेवली गेली, की चांगला साक्षीदारही गडबडतो. तलाठीसाहेबांनी सांगितलेली कुळकायद्याची धास्ती हेच त्याचे खरे उत्तर आहे आणि या जिल्ह्यातल्या कोणत्याही न्यायालयाला ते नवीन वाटणार नाही.

मोटारसायकलीबाबत ट्रकमालकांना मिळालेली माहिती बरोबर आहे. कलम 60 खाली वाहन सरकारजमा होणे टाळायचे असेल, तर मालक, त्याचा प्रतिनिधी आणि वाहन ज्याच्या हाती होते तो, या तिघांनाही माहिती नव्हती आणि प्रत्येकाने वाजवी काळजी घेतली होती, असे मालकाने दाखवावे लागते. तो निर्णय खटल्याअखेर होतो. दरम्यान वाहन तात्पुरते परत मागण्यास या कायद्यात मनाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये आसामातील एका ट्रकच्या प्रकरणात सांगितले आहे. त्याच्या आधारे चुलतभावाने विशेष न्यायालयात अर्ज करावा. मोटारसायकलीतून माल नेल्याचा आरोपच नसेल, तर ती केवळ शेडसमोर उभी होती, हा मुद्दा अर्जात पहिल्या परिच्छेदात घ्यावा.

आता वहीबद्दल. तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा कागद तोच आहे, कारण तो छाप्याच्या आधीचा आहे. तीत आता एक अक्षरही वाढवू नका, फिकट झालेली शाई गडद करू नका आणि अंगठ्याशेजारी नाव लिहू नका. मागील तारखेचा नफेपत्राचा स्टॅम्प करून देतो म्हणणारे कोणी भेटतील. मुद्रांकविक्रेत्याच्या नोंदवहीतली तारीख ते बदलू शकत नाहीत आणि असा एक कागद तुमच्या खऱ्या वहीवरही अविश्वास आणील. वही पिशवीत घालून, दवाखान्याच्या डिस्चार्ज कागदासह, नोटिशीतल्या तारखेआधी तुमच्या वकिलांकडे न्या आणि किल्ली दिल्याची जी नोंद झाली आहे तिची प्रत मागा. वडिलांनी किल्ली कोणत्या खिळ्यावरून काढून दिली आणि तिला लाल दोरा होता, हे तीत लिहिले असेल तर ते मला महत्त्वाचे वाटते. लपवायची किल्ली कोणी मागच्या दाराला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टांगत नाही.